‘काउन्सेलिंग कवा हाय?’

नीटचा निकाल लागला की लातूरच्या औसा रोडवर आणि नांदेडच्या श्यामनगरात एकच प्रश्न कानावर येतो : ‘काउन्सेलिंग कवा हाय?’ विचारणारे बहुधा वडीलच. हदगावकडचे एक शेतकरी नेट कॅफेत भेटले. मांडीवर पोराची वही, तिच्यात कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमानं उतरवलेली. नांदेडचं शंकरराव चव्हाण दोनदा खोडून पुन्हा वर चढवलेलं, त्याखाली लातूरचं विलासराव देशमुख. ‘यादी चुकली तर वरीस गेलं,’ ते म्हणाले.

हे काउन्सेलिंग म्हणजे खरं तर जागावाटप. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा दिल्लीची मेडिकल काउन्सेलिंग कमिटी भरते, उरलेल्या ८५ टक्के राज्याचा सीईटी सेल. पूर्वी गुणवत्तेच्या क्रमानं मुलाला समोर बोलवत, शिल्लक जागा दाखवत आणि तिथल्या तिथं निवड करायला लावत. त्या समोरासमोर बसण्याला हा शब्द थोडाफार शोभायचा. पुढं सगळं ऑनलाइन झालं, माणूस समोरून गेला, शब्द तेवढा राहिला.

इंग्रजीतल्या ‘काउन्सेल’चं मूळ लॅटिन ‘कॉन्सिलियम’, म्हणजे मसलत. कोर्टात बाजू मांडणारा वकीलही काउन्सेलच. आपले सल्ला आणि मसलत हे शब्द अरबीतून फारसीमार्गे आले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या आणि कचेरीत उर्दू ऐकलेल्या मराठवाड्याला ते परके कधी वाटलेच नाहीत. सल्ला आणि मसलत या दोन्हींच्या मुळाशी एकच अरबी धातू आहे आणि त्याच्या अर्थात ‘भलं होणं’ आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. सल्ला एकानं दुसऱ्याला द्यायचा. मसलतीला मात्र दोघांनी बसावं लागतं.

मानसशास्त्रातलं काउन्सेलिंग या मसलतीच्याही पुढं जातं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ च्या पुस्तकात आग्रहानं मांडलं की समोरच्याला वाट दाखवू नका. त्याचं नीट ऐका, वाट त्याची त्याला सापडते. आपण मराठीत त्याला ‘समुपदेशन’ म्हणतो. जे टाळायचं तो उपदेशच त्या शब्दाच्या पोटात बसलाय! आणि नीटला बसणाऱ्या या मुलांना उपदेशाची कमतरता कधीच नव्हती. सकाळी क्लासमध्ये, दुपारी मेसमध्ये, रात्री गावाकडून आलेल्या फोनवर तोच मिळतो.

लातुरात नीटसाठी दुसऱ्यांदा बसलेला एक मुलगा आठवडाभर जेवत नव्हता, खोलीबाहेर येत नव्हता. त्याच्या आईला मी म्हणालो, ‘मावशी, याला काउन्सेलिंगची गरज आहे.’ त्यांनी पिशवीतून गुणपत्रिकेची झेरॉक्स काढली आणि विचारलं, ‘कितव्या राऊंडचं?’

चूक माझी होती. त्यांच्या गावात त्या शब्दाचा दुसरा अर्थ पोचलेलाच नव्हता. मी म्हणालो, ‘त्याच्याजवळ बसून कुणीतरी त्याचं ऐकून घ्यायला पाहिजे. डॉक्टर असतात तसे. तोवर १४४१६ वर फोन लावू, सरकारचा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.’

त्यांनी झेरॉक्स घडी करून परत पिशवीत ठेवली. ‘मंग लावा की,’ म्हणाल्या, ‘पर आधी मी बसते त्याच्यापशी.’