जुन्या मोटारीचे इंजिन (लेखांक ७) : जाम झालेली क्रँक पुली

मागील लेखांकात रेडिएटर आणि पंखा उतरवण्यापर्यंतचे काम आले होते. त्यानंतर इंजिनाच्या दर्शनी टोकाला दिसणारी पुली क्रँकशाफ्टवर, म्हणजे पिस्टनच्या वरखाली हालचालीचे फिरत्या गतीत रूपांतर करणाऱ्या मुख्य दांड्यावर, बसवलेली असते व पट्ट्याच्या साहाय्याने पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो फिरवते. तिच्यामागील टायमिंग कव्हर उघडण्यासाठी ती आधी काढावी लागते. परंतु दापोली तालुक्यातील बुरोंडीसारख्या बंदराच्या गावी अनेक पावसाळे उभ्या राहिलेल्या गाडीत ती बहुधा जागची हलत नाही.

याचे कारण असे की पुलीचे भोक व शाफ्ट यांच्यात अत्यल्प फट असते आणि खाऱ्या हवेतील मीठ, जे ओलावा शोषून धरते, त्या फटीत शिरून गंज वाढवते. मूळ लोखंडापेक्षा गंज कितीतरी अधिक जागा व्यापत असल्याने तो दोन्ही भागांमध्ये पाचरीसारखा आवळून बसतो. मच्छीमार होड्यांची इंजिने दुरुस्त करणाऱ्यांनाही हे दुखणे चांगलेच परिचित आहे.

उदाहरणादाखल मुंबईत महिंद्रने तयार केलेली सीजे-३बी जीप घेता येईल. तिच्या सुमारे २.२ लिटरच्या चार सिलिंडरी ‘हरिकेन’ इंजिनात पुलीपुढे असलेल्या मोठ्या नटाला हँडल मारण्यासाठी खाचा ठेवलेल्या असतात. हा नट समोरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. तो सोडवताना शाफ्टही फिरू लागतो, म्हणून गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरावा आणि नटावर नीट बसणाऱ्या बॉक्स पान्याला लांब पाइप लावून जोर द्यावा.

खरी कसोटी नट निघाल्यावर लागते. पुलीमागे पहार घालून उचकटल्यास टायमिंग कव्हर वाकते, तर कडेला नखांचा पुलर लावल्यास बिडाची कड तुटू शकते, कारण बीड दाब सोसते, ताण सोसत नाही. शाफ्टच्या टोकावर घण घातल्यास तो धक्का थ्रस्ट बेअरिंगला, म्हणजे शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या बेअरिंगला, बसतो. तेथील मोकळीक मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकीच असते. पुलीच्या मध्यभागी, हबजवळ, आट्याची भोके असतील तर त्यांत बोल्ट बसवून पुलर लावणे हाच सुरक्षित मार्ग होय. त्याचा मधला स्क्रू शाफ्टला आत रेटतो आणि बोल्ट पुलीला तेवढ्याच जोराने बाहेर ओढतात. ही दोन्ही बले शाफ्ट व पुली यांच्यातच परस्पर भागत असल्याने बेअरिंगवर भार येत नाही. मात्र शाफ्टच्या टोकावर पितळेचा तुकडा ठेवावा, म्हणजे तेथील आटे बिघडत नाहीत.

सांध्यात गंज सोडवणारे तेल आदल्या दिवशीच सोडावे, पुलर ताणून रात्रभर तसाच ठेवावा आणि सकाळी पुन्हा थोडा आवळून हबभोवती हलके ठोके द्यावेत. तरीही पुली न हलल्यास तेल पुसून, पेट्रोलची नळी व बॅटरी दूर करून हब गरम करावे. ३० मिलिमीटरचे भोक १०० अंश सेल्सियसने तापल्यास सुमारे ०.०३ मिलिमीटर रुंदावते. दिसायला नगण्य अशी ही वाढ गंजाची पकड मोडायला बहुधा पुरते. उष्णता शाफ्टपर्यंत पोहोचण्याआधीच पुलर फिरवावा लागतो, आणि मागचे ऑइल सील या तापाने जळण्याचा संभव असल्याने ते बदलायचेच आहे असे धरून चालावे. पुलीत रबराचे कडे असल्यास मात्र आच अजिबात देऊ नये.

पुली कापून काढणे हा शेवटचा उपाय होय. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी वाहन पन्नास वर्षांहून जुने असावे लागतेच, शिवाय ते मूळ रूपात, इंजिनात मोठा फेरफार न करता राखलेले असावे लागते. त्यामुळे मूळ भागाचे मोल त्याच्या बाजारभावापेक्षा अधिक ठरते. निघालेली पुली बारीक पॉलिश कागदाने साफ करून, अर्धचंद्राकृती चावी तपासून आणि भोकाला ग्रीसचा पातळ थर देऊन बसवल्यास पुढच्या वेळी हा खटाटोप टळतो. टायमिंग गिअरांवरील खुणा कशा जुळवाव्यात, याचे विवेचन पुढील लेखांकात येईल.