शाल, श्रीफळ आणि... स्माइल प्लीज!

वर्षानुवर्षं एकाच स्टाफरूममध्ये चहा प्यायलेली माणसं रिटायर होताना त्यांना काय द्यायचं? भिंतीवरचं घड्याळ? प्लीज, नको!

सकाळची डहाणू लोकल. वैतरणा स्टेशन सुटलं की गाडी खाडीवरच्या पुलावर चढते आणि खडखडाट इतका वाढतो की गप्पा आपोआप थांबतात. आमच्या कॉलेजच्या बॉटनीच्या मॅडम, अकाउंट्सचे सर आणि लॅबमधले काका रोज इथे गप्प बसायचे. पूल संपला की अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू! २०१३मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली, त्याआधी शटल होती. २०१४मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. यांचा ग्रुप मात्र तोच राहिला.

यंदा तिघंही एकदम रिटायर झाले. तारीख? अर्थात ३१ मे! त्या पिढीत शाळेत नाव घालताना खरी जन्मतारीख कुणाला आठवायची? गुरुजी बिनधास्त १ जून लावून टाकायचे. आणि १ तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो, हा नियमच आहे. म्हणजे नोकरीचा शेवटचा दिवस नेमका मे महिन्याच्या सुट्टीत. कॉलेज रिकामं, पोरं गावाला. मग सेंड-ऑफचे फोटो कसले निघणार? शाल, श्रीफळ, बुके आणि मागे बॅनर. ज्या कामात आयुष्य गेलं, ते काम फोटोत कुठेच नाही.

आम्ही पाच-सहा माजी विद्यार्थी. आता अंधेरी, बीकेसीत कीबोर्ड बडवतो. ठरवलं, मार्चमध्येच कॅमेरा काढायचा. एकाकडे जुना डीएसएलआर, बाकी सगळे मोबाइलवाले. आधी जुने फोटो गोळा केले आणि तिथेच चाट पडलो. गॅदरिंग, सहली, ग्रुप फोटो... काका एकाही फोटोत नाहीत! कारण एकदम सिंपल. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात असायचा.

झालं, आमच्या प्रोजेक्टचा हीरो ठरला.

तसं आपल्याकडे कॉलेज आणि कॅमेरा यांचं नातं भलतंच जुनं. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला होता. ‘चेहरे’वाले गौतम राजाध्यक्ष झेवियर्समध्ये शिकले आणि पुढे तिथे त्यांनी काही काळ शिकवलंही. आम्ही अर्थातच त्यांच्या नखाचीही सर नसलेले हौशी. पण चुकत चुकत काही गोष्टी कळल्या. तुम्हालाही करायचं असेल तर घ्या टिप्स:

• पोझ मागू नका, काम करू द्या. फळ्यावर लिहिणारा हात, हजेरीचं मस्टर, डबा उघडलेलं टेबल... हेच खरे फोटो.

• फ्लॅश बंद. विरारहून पालघरकडे जाताना सकाळचं ऊन उजवीकडच्या खिडक्यांतून येतं. माणूस खिडकीला पाठ करून बसला तर चेहरा काळा पडतो, त्याला जरा बाजूला वळवा. आणि दारात लटकून क्लिक करण्याचा शहाणपणा अजिबात नको.

• जुन्या प्रिंट्सचे फोटो सावलीत, वरून सरळ काढा. उन्हात त्या चकाकतात.

• सगळं व्हॉट्सअॅपवर ढकलून मोकळे होऊ नका. साध्या ४ बाय ६च्या प्रिंट्स काढा आणि मागे नावं, साल लिहा.

राहता राहिले काका. लेन्ससमोर उभं राहायची वेळ आली आणि त्यांचा पुतळाच झाला. “हात कुठे ठेवू रे?” शेवटी मॅडमनी आमच्याकडून कॅमेरा घेतला. “तुम्ही आपलं मायक्रोस्कोप पुसा हो,” म्हणाल्या. पुसता पुसता काका काहीतरी बोलले, सर खो खो हसले, मॅडमनी क्लिक केलं. फोटो किंचित हललाय. अल्बमच्या कव्हरवर तोच आहे.

तिघांचा एकत्र फोटो शेवटच्या पानावर. लोकलमधला, वैतरणेच्या पुलावरचा. तिघंही गप्प, पूल संपायची वाट बघत. अल्बम हातात आल्यावर काका त्या पानावर बराच वेळ थांबले. मग एवढंच म्हणाले, “मी असा दिसतो होय?”

तुमच्या कॉलेजातही कायम कॅमेऱ्यामागे राहिलेलं कुणीतरी असेलच. या रविवारी जुने फोटो काढा आणि बघा, कोण दिसत नाही ते.