जुनी एस्टीम ट्रॅकवर नेताना: काय खरं, काय ऐकीव

वडिलांनी पंधरा-वीस वर्षं ऑफिसला नेलेली गाडी दारात उभी असते. इंजिन अजून ठणठणीत असतं, पण विकायला काढली तर चांगल्या स्कूटरचेही पैसे येत नाहीत. मग घरातल्या तरुण मंडळींच्या डोक्यात येतं, हिलाच ट्रॅकसाठी का तयार करू नये? एस्टीम, झेन, बलेनो, जुनी होंडा सिटी, अशा कुठल्याही गाडीबद्दल हा प्रश्न मला विचारला जातो आणि माझं उत्तर 'जरूर करा' असंच असतं. माझी २००४ची एस्टीम मी तशीच तयार केली. मात्र पुढच्याच वाक्यात लोक कामांची जी यादी सांगतात, ती बहुतेक वेळा उलटी असते. त्या उलट्या यादीमुळे पैसे वाया जातात ते जातातच, पण माणसाच्या जिवालाही धोका असतो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

यादीत पहिलं नाव असतं फ्री-फ्लो एक्झॉस्टचं, मग कोन फिल्टर, मग इंजिनाचं काम. 'ट्रॅकवर जायचं तर आधी पॉवर हवी' हा सगळ्यांत पक्का गैरसमज. एमपीएफआय एस्टीमचं १.३ लिटरचं इंजिन ८५ अश्वशक्ती देतं आणि गाडीचं वजन नऊशे किलोच्या आत आहे. एवढ्या भांडवलावर ही गाडी भारतातल्या सर्किट रेसिंगमध्ये वर्षानुवर्षं धावली, तिच्यासाठी स्वतंत्र गट होता. कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे जेमतेम २.१ किलोमीटरचा आहे. तिथे नवख्या माणसाचा वेळ जातो तो वळणाआधी ब्रेक कुठे दाबायचा, वळणात कुठून शिरायचं आणि ॲक्सिलरेटर कधी द्यायचा यात. एक्झॉस्ट बदलून आवाज पुष्कळ वाढतो, लॅपचा वेळ मात्र फारसा हलत नाही. शिवाय पॉवर खरोखर वाढलीच, तर गाडी ब्रेकच्या खुणेपाशी आणखी वेगात पोहोचते, आणि खरी परीक्षा तिथे असते.

'ब्रेक चांगले आहेत, परवाच घाटात बघितले.' हे वाक्य ऐकलं की मी माणसाला बसवून हिशेब सांगतो. चालकासह साडेनऊशे किलोची गाडी ताशी १४० वरून ६० वर आणायची, तर ब्रेकना सुमारे ५ लाख ८६ हजार ज्यूल ऊर्जा उष्णतेच्या रूपात पचवावी लागते. तेवढ्या उष्णतेत तीस अंशांचं दोन लिटर पाणी उकळीला येतं. हे सगळं तीनेक सेकंदांत घडतं आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर पडतो. रस्त्यावर असा ब्रेक महिन्यातून एखाद्या वेळी लागतो, ट्रॅकवर प्रत्येक लॅपला अनेकदा. डिस्क थंड व्हायला मधे उसंतच नसते.

ही उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि तिथून ब्रेक फ्ल्युइडमध्ये जाते. नवं डॉट ४ फ्ल्युइड किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असं मानक आहे. पण फ्ल्युइड हवेतला ओलावा शोषतं. ठरावीक पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते, डॉट ३ असेल तर १४० वर. आपल्याकडे दोन पावसाळे काढलेलं फ्ल्युइड कोरडं राहिलं असेल, ही आशाच सोडा. फ्ल्युइड उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. फ्ल्युइड दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पाय खाली जातो, गाडी थांबत नाही.

माझ्या बाबतीत हे चौथ्या लॅपला झालं. आदल्या वळणावर पेडल थोडं मऊ लागलं होतं आणि मी ते मनावर घेतलं नाही. पुढच्या सरळीच्या शेवटी पाय ठेवला, तर पेडल गालिच्यापर्यंत खाली गेलं. भराभर दोनदा पंपिंग केलं तेव्हा थोडा दाब आला, गियर खाली टाकले आणि गाडी बाहेरच्या मातीत जाऊन थांबली. कुणाला काही झालं नाही. संध्याकाळी फिटरने ब्रेकची हवा काढली, तेव्हा पारदर्शक नळीतून चहासारखं तपकिरी फ्ल्युइड आलं आणि त्यात बारीक बुडबुड्यांची माळ होती. ती नळी अजूनही डोळ्यांसमोर आहे. नवं डॉट ४ आणि चांगले पॅड यांचा खर्च एक्झॉस्टच्या मानाने किरकोळ असतो. त्या दिवसापासून ट्रॅकवर जायच्या आदल्या आठवड्यात मी फ्ल्युइड बदलतोच.

एक फरक ओळखायला शिका. पेडल बुडत असेल तर फ्ल्युइड उकळलं आहे. पेडल दगडासारखं कडक आहे आणि तरी गाडी थांबत नाही, तर पॅड तापून पकड गमावून बसले आहेत. दोन्ही वेळा वेग उतरवायचा, हात वर करून खूण करायची आणि ब्रेक न लावता एक लॅप फिरून पिटमध्ये यायचं. आणि जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं, या समजुतीने डॉट ५ भरू नका. ते सिलिकॉनचं असतं, डॉट ३ आणि ४ सोबत चालत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं.

टायरबद्दलचा समज असा, की नक्षी खोल आहे म्हणजे टायर चांगला. टायरच्या बाजूला चार आकडे लंबगोलात छापलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. जुन्या गाड्या उभ्याच जास्त असतात, त्यामुळे नक्षी शाबूत आणि रबर मात्र लाकडासारखं कडक झालेलं, असे टायर हमखास सापडतात. कोरड्या ट्रॅकवर अर्धा झिजलेला पण ताजा टायर त्याहून कितीतरी बरा. अगदी कोऱ्या टायरची उंच नक्षी तापून डगमगते आणि तिचे तुकडेही उडतात. हवेसाठी खडू जवळ ठेवा. टायरच्या खांद्यावर आडव्या रेघा मारायच्या आणि चार लॅप फिरून यायचं. खडू कडेच्या त्रिकोणी खुणेच्याही खालपर्यंत पुसला गेला असेल, तर टायर लोळतो आहे, हवा कमी पडते. खांद्यावरचा खडू जसाच्या तसा असेल, तर हवा जास्त आहे. टायर तापला की दाब वाढतो, म्हणून हवा गाडी पिटमध्ये आल्याबरोबर, गरम असतानाच मोजायची.

'स्प्रिंगा कापल्या की गाडी वळणात चिकटते.' गाडी खाली बसते हे खरं. पण स्ट्रटची जायची-यायची जागा संपते, शॉकअप रबरी स्टॉपवर आपटू लागतो आणि टायर रस्ता सोडून उड्या मारतो. चाक लोंबकळलं की कापलेली स्प्रिंग बैठकीतून सरकूही शकते. त्याच पैशांत नवे शॉकअप, लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, स्ट्रटची माउंटिंग आणि शेवटी अलाइनमेंट होते. वीस वर्षांच्या गाडीत एवढं केलं की ती वळणात कशी जाते, हे बघून मालकच चकित होतो. आपण जिला 'ढिली' म्हणत होतो ती गाडी मुळात तशी नव्हतीच, रबरं म्हातारी झाली होती.

हेच सूत्र मी सगळीकडे लावतो. बजेटमधली ट्रॅक कार म्हणजे कंपनीतून निघाली तेव्हा जशी होती, तशी परत केलेली गाडी. बदल त्यानंतर.

इंजिनाच्या गरमीबाबत गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो, थर्मोस्टॅट काढून टाका. थर्मोस्टॅट इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवतो आणि मग उघडतो, तापलेल्या इंजिनात तो अडथळा नसतो. तो काढला तर इंजिन वेळेवर तापत नाही, झीज वाढते आणि गाळाने भरलेला रेडिएटर आहे तसाच राहतो. गरमीचं खरं कारण बहुतेक वेळा तो रेडिएटर, थकलेला पंखा किंवा सैल पडलेलं झाकण असतं. झाकण पाणी दाबाखाली ठेवतं, म्हणून ते शंभर अंशांवर उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग गेली, की बाकी सगळं नवं असूनही पाणी बाहेर येतं. सोबत टायमिंग बेल्ट आणि सगळे होज बदला. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत ठेवा. लांब वळणात ऑइल चेंबरमध्ये एका बाजूला जमा होतं, पंपाच्या तोंडाशी हवा आली तर बेअरिंग काही सेकंदांत जातात.

वजन कमी करायला स्टेपनी, जॅक, डिकीतला पसारा, पायाखालची मॅट काढा. मॅट तर पेडलखाली सरकते, ती काढायलाच हवी. पण 'रोल केज बसवला म्हणजे गाडी सुरक्षित' हे अर्धसत्य आहे. केज हेल्मेट, बकेट सीट आणि हार्नेससोबतच काम करतो. हेल्मेट न घालता तीच गाडी बाजारात नेली आणि मागून कुणी ठोकलं, तर डोकं आपटायला लोखंडी नळी हाताच्या अंतरावर असते. नुसता हार्नेस साध्या सीटवर लावणंही धोक्याचं. गाडी उलटून छत दबलं, तर साध्या पट्ट्यात माणूस बाजूला झुकू शकतो, हार्नेसमध्ये तो ताठ जखडलेला असतो. सुरुवातीच्या दिवसांसाठी कंपनीचं सीट, कंपनीचा पट्टा आणि चांगलं हेल्मेट हेच बरं.

याला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. आतून सोललेली, केज लावलेली गाडी ट्रॅकपर्यंत ट्रकवरून न्यावी लागते. महाराष्ट्रातल्या माणसासाठी हा मुद्दा मोठा आहे, कारण पुण्याहून कोइंबतूर किंवा चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टाई हजार-बाराशे किलोमीटरवर आहे आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट त्याहून लांब. एका बाजूचं ट्रकभाडं गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतं. म्हणून माझा आग्रह असतो, गाडी रस्त्यावर चालण्याजोगी ठेवा. शेवटच्या एस्टीमनेही पंधरा वर्षं केव्हाच ओलांडली आहेत, तेव्हा फेरनोंदणी, फिटनेस आणि पर्यावरण कर हा खर्च आधी धरा. नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेलं, वीस वर्षांपुढच्या गाडीला त्याहून जास्त आहे. विम्याची पॉलिसीही उघडून बघा. वापराच्या मर्यादांमध्ये शर्यतीबरोबर वेगचाचणीचा उल्लेख असतो. 'ही रेस नाही, ट्रॅक डे आहे' हा युक्तिवाद तिथे टिकेल असं धरून चालू नका.

'हा पैसेवाल्यांचा खेळ' असंही म्हटलं जातं. गो-कार्टसुद्धा न चालवलेल्या मुलांना मी कोल्हापूरच्या कार्टिंग ट्रॅकपासून सुरुवात करायला सांगतो, तिथे ब्रेक आणि वळण यांचं नातं थोड्या पैशांत समजतं. आणि कोइंबतूरच्या त्या ट्रॅकला ज्यांचं नाव दिलं आहे, त्या एस. करिवर्धन यांचं काम आठवा. १९९५ मध्ये विमान अपघातात गेलेल्या या माणसाने मारुती ८०० चं इंजिन बसवून एकआसनी रेसिंग गाड्या बनवल्या. आपल्या कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये जे सुटे भाग मिळतात, त्यांच्यावर या देशातले रेसर घडले. खर्च आहेच, पण तो गाडीपेक्षा पॅड, टायर, पेट्रोल आणि प्रवासाचा आहे. गाडीत घालायचे पैसे ठरवले असतील, तर तेवढेच पुन्हा पहिल्या वर्षाच्या वापरासाठी बाजूला काढा.

शेवटचा गैरसमज ध्वज पडल्यानंतरचा. लोक तापलेली गाडी थेट आत आणतात, हँडब्रेक ओढतात आणि इंजिन बंद करतात. शेवटचा लॅप हळू, ब्रेक जवळपास न लावता फिरायचा. आत आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेल्या ड्रमला शू आवळून धरले, तर ड्रम वाकडा होतो किंवा शू चिकटतात. गाडी गियरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावायचा, बॉनेट उघडायचं. डिस्कवर हात धरवेल इतकी ती निवली, की चाकांचे नट टॉर्क रेंचने एकेक करून तपासायचे. मग स्टेपनी परत डिकीत, मॅट जागेवर, हवा रस्त्याच्या दाबाला. पुणं अजून हजार किलोमीटरच्या पुढे असतं.