पुढच्या चाकाची कटकट

घाटातल्या कच्च्या रस्त्याने जाणाऱ्या जीपची किंवा मालमोटारीची चारही चाके इंजिनाच्या जोरावर फिरत आहेत. वळण आले की पुढच्या चाकापाशी 'कट्-कट्-कट्' असा आवाज येतो. सरळ रस्ता लागला की आवाज बंद! जाणता चालक लगेच ओळखतो, की पुढच्या आसाचा सांधा झिजला आहे. पण हा आवाज वळतानाच का यावा? आणि गाडी तशीच दामटली तर काय होईल?

एका चाकाला दोन कामे

साध्या मालमोटारीत मागची चाके गाडी ढकलतात आणि पुढची चाके तिला दिशा देतात. 'फोर-व्हील' गाडीत मात्र पुढच्या चाकांना दोन्ही कामे करावी लागतात. चाक डावीकडे वळो वा उजवीकडे, त्याला फिरवणारा पोलादी दांडा फिरतच राहिला पाहिजे. म्हणून चाकाजवळ या दांड्याचे दोन भाग करून ते सांध्याने जोडलेले असतात.

सांध्याचा सर्वांत साधा प्रकार सतराव्या शतकात रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने वर्णिला. दोन्ही दांड्यांच्या टोकांना दुबेळकी चिमटे आणि त्यांच्यामध्ये अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, अशी त्याची रचना असते. गॅरेजमधले मिस्त्री याला 'क्रॉस' म्हणतात. या सांध्यात एक खोड आहे. दोन दांड्यांत कोन असला, की पहिला दांडा एकसारखा फिरूनही दुसरा एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा रेंगाळतो. समजा, कोन ३० अंशांचा आहे आणि पहिल्या दांड्याचा वेग मिनिटाला १०० फेरे आहे. मग दुसऱ्याचा वेग सुमारे ८७ आणि ११५ यांच्या दरम्यान खालीवर होत राहतो.

ही खोड घालवण्यासाठी १९२० नंतरच्या दशकात समवेगी सांधे निघाले. आल्फ्रेड झेप्पा यांच्या सांध्यात सहा पोलादी गोळ्या खोबणींत बसवलेल्या असतात. त्या नेहमी दोन दांड्यांमधला कोन दुभागणाऱ्या प्रतलात राहतात, त्यामुळे दोन्ही दांडे सारख्याच वेगाने फिरतात. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या पुढच्या आसात समवेगी सांध्यांचे निरनिराळे प्रकार वापरले गेले. पुष्कळ अमेरिकन पिकअप मोटारींत मात्र क्रॉसचा सांधाच कायम राहिला.

आवाज कोठून येतो?

सांध्यावर पडणारा पीळ मोठा असतो. महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये पहिला गिअर, जोराचा खालचा गिअर आणि आसाचे दाते मिळून इंजिनाचा पीळ सुमारे २५ पट होई. तो चार चाकांत वाटला गेला, तरी प्रत्येक सांध्याच्या वाट्याला पुष्कळच येई. ग्रीस आहे तोवर सांधा हे सहन करतो. रबरी आवरण फाटले, की ग्रीस बाहेर उडते आणि धूळ व पाणी आत शिरते. मग खोबणीत खड्डे पडतात. चाक सरळ असताना गोळ्या जवळजवळ एकाच जागी असतात. चाक वळले, की त्या खोबणीत पुढेमागे सरकू लागतात आणि खड्ड्याच्या कडेवर आपटतात. हीच ती कटकट!

क्रॉसच्या सांध्यात सुईसारखे बारीक रूळ असतात. ते गंजले, की तांबूस भुकटी बाहेर पडते आणि चिरचिर ऐकू येते. पुढे सांधा आखडतो आणि वळणावर स्टिअरिंग हातात हिसके देऊ लागते.

चालकाने काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे सपाट जागी थांबून 'फोर-व्हील' काढावे. सांध्यावरचा पीळ त्यामुळे जातो. कोरड्या डांबरी रस्त्यावर तर हे हवेच. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापतात. चिखलात चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. डांबरावर ती घसरत नाहीत, त्यामुळे दांडे पिळले जातात.

पण पीळ गेला तरी सांधा थांबतोच असे नाही. चाक रस्त्यावर फिरते आणि दांड्यालाही फिरवते. काही गाड्यांच्या चाकांच्या तुंब्यावर दांडा सोडवण्याची कळ असते. ती सोडली, की चाक मोकळे फिरते आणि सांधा स्वस्थ राहतो. अशी कळ नसेल, तर अगदी हळू, मोठी वळणे घेत जवळच्या गॅरेजपर्यंत जावे. स्टिअरिंग अडखळत असेल, तर मात्र गाडी मुळीच चालवू नये, ओढून न्यावी. फुटलेल्या सांध्याचे तुकडे चाकाच्या वळण्याच्या जागेत अडकले, तर चाक वळतच नाही. घाटात याचा अर्थ काय, हे सांगायला नको.

एखादी मालमोटार बंद उभी असेल, तेव्हा चालकाला विचारून बाजूने वाकून पाहा. गिअरपेटीपासून मागच्या आसाकडे जाणाऱ्या लांब दांड्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस दिसतील. त्या दांड्यावरचे दोन चिमटे एकाच प्रतलात असतात. असे का? एका सांध्याने केलेला वेगातला चढउतार दुसरा भरून काढतो. चाकाजवळ मात्र एकाच सांध्यापुरती जागा असते.