लँडस्केप आर्किटेक्चर शिकायचे? मग अकरावीत गणित सोडण्याआधी हे वाचा

शेलूबाजार (ता. मंगरुळपीर) : समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि शेलूबाजारचे नाव हिरव्या पाटीवर आले. पुढच्या काही महिन्यांत हा रस्ता अपघातांमुळे गाजू लागला. नागपूरच्या व्हीएनआयटीतील अभ्यासकांनी जी कारणे मांडली, त्यात ‘हायवे हिप्नोसिस’ हा शब्द होता. सरळ, एकसारखा रस्ता, दोन्ही बाजूंना तेच ते दृश्य. अशा वेळी चालकाचे डोळे उघडे असतात, पण भान सुटते.

रस्त्याकडेला काय दिसावे, झाडे कोणती आणि किती अंतरावर असावीत, भरावाचा उतार किती ठेवावा, नाल्याचे पाणी आणि रानातली जनावरे रस्त्याखालून कशी जावीत, हे प्रश्न ‘लँडस्केप आर्किटेक्चर’ या विषयात येतात. मराठीत त्याला भूदृश्य वास्तुकला म्हणतात. बंगल्यापुढे लॉन लावण्याचा कोर्स अशी त्याची समजूत आहे. ती खरी नाही.

नेमके काय शिकवतात?

सुरुवात जमिनीपासून होते. जागेचा समोच्च रेषांचा नकाशा वाचायचा, पाऊस पडला की पाणी कुठून कुठे धावेल हे ओळखायचे, मग माती कुठे कापायची आणि कुठे भरायची ते ठरवायचे. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती फरसबंदी उखडून टाकते, हे पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला पुस्तकातून कळते. मंगरुळपीर तालुक्यातल्या मुलामुलींनी ते घराच्या भिंतींवर पाहिलेले असते. सलग समतल चर ज्यांनी शिवारात खोदताना पाहिले, त्यांना समोच्च रेषा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ती कागदावर मापात काढणे मात्र शिकावे लागते, आणि तिथेच बहुतेकांची दमछाक होते.

त्यानंतर झाडे येतात, तीही शास्त्रीय नावांनिशी. कडुनिंब, पळस, बहावा, बाभूळ या झाडांची मुळे किती पसरतात, पाने कधी गळतात, कोणते झाड वाहतूक बेटात टिकते, हे पाठ असावे लागते. रस्तोरस्ती दिसणारा गुलमोहर मूळचा मादागास्करचा आहे, हेही तिथेच कळते. जोडीला परिसरशास्त्र, भूजल, उपग्रह नकाशे आणि रात्र रात्र चालणारे स्टुडिओचे काम.

दारे दोन, आणि गफलत इथेच होते

भारतात या विषयाचा मुख्य मार्ग वास्तुकलेतून जातो. आधी पाच वर्षांचे बी.आर्क., त्यानंतर दोन वर्षांचे लँडस्केपमधील एम.आर्क. म्हणजे एकूण सात वर्षे. बी.आर्क.साठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. ‘नीट’च्या ओढीने अकरावीत फक्त जीवशास्त्र गट घेतला की हा रस्ता तिथेच संपतो आणि विद्यार्थ्याला ते कळते बारावीनंतर. जीवशास्त्रासोबत गणितही ठेवले, तर दोन्ही वाटा मोकळ्या राहतात.

प्रवेशासाठी ‘नाटा’ किंवा जेईई मेनचा पेपर २-अ द्यावा लागतो. नागपूरच्या व्हीएनआयटीला मात्र जेईईच लागते. केवळ नाटा देऊन तिथली जागा मिळत नाही. दोन्ही परीक्षांत चित्रकलेचा भाग असतो. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेल्यांना त्याचा इथे उपयोग होतो.

दुसरे दार अकोल्यात आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या कृषी विद्यापीठांत उद्यानविद्येची चार वर्षांची पदवी आहे आणि पुढे पुष्पविज्ञान व भूदृश्य या विषयात एम.एस्सी. करता येते. इथे जीवशास्त्र गट चालतो. महापालिकांतील उद्यान अधीक्षकासारख्या पदांसाठी ही पदवी उपयोगी पडते. नाव सारखे वाटले तरी या पदवीने ‘आर्किटेक्ट’ म्हणून नोंदणी होत नाही. वास्तुविशारद कायदा १९७२ चा आहे आणि त्यात आर्किटेक्ट हे बिरुद नोंदणीकृतांपुरतेच राखलेले आहे. लँडस्केप आर्किटेक्टची वेगळी सरकारी नोंदवही मात्र नाही. व्यवसायाची ही जुनी दुखरी बाजू आहे.

कुठे, आणि खर्चाचे काय?

पुण्यात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या भानुबेन नानावटी वास्तुकला महाविद्यालयात मुलींसाठी लँडस्केपचे एम.आर्क. आहे. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये हा अभ्यासक्रम १९७२ पासून चालतो. अहमदाबादचे सेप्ट आणि भोपाळची एसपीए हे पर्यायही आहेत. दिल्ली, भोपाळसाठी ‘गेट’ची तयारी ठेवावी.

शुल्कापेक्षा लॅपटॉप, प्रिंट, मॉडेलचे साहित्य आणि शहरातले राहणे यांचा हिशेब घरी आधी मांडलेला बरा. राज्यात २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. त्यासाठी प्रवेश ‘कॅप’ फेरीतून झालेला हवा. संस्था पातळीवर घाईने प्रवेश घेतला, तर ही सवलत हातची जाते.

काम मिळते का?

बहुतेक नोकऱ्या पुणे, मुंबई, अहमदाबाद, दिल्लीतील कार्यालयांत आहेत आणि त्यातला मोठा वाटा गृहसंकुलांचा. जिल्ह्याच्या गावी या कामाला वेगळे पैसे मोजायची सवय अजून नाही. गरज मात्र आसपासच दिसते. नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर यादीत गेलेल्या लोणार सरोवराकाठी पर्यटक कुठून उतरवायचे, गावाचे सांडपाणी कुठे वळवायचे, हे याच विषयाचे प्रश्न आहेत. कारंजा-सोहोळ अभयारण्यातील काळविटांच्या वाटेचाही प्रश्न तसाच. अशी कामे निविदेतून येतात आणि निविदेत बहुधा स्थापत्य अभियंता मागितलेला असतो. म्हणून गावाकडे परतायचे असेल, तर बी.आर्क.ची नोंदणी हाताशी ठेवून घरांची कामे आणि लँडस्केप अशी दोन्ही कामे करावी लागतील, हे धरून चालावे.