माठात माठ, मध्ये ओली वाळू

उत्तर नायजेरियातल्या जिगावा राज्यात ऊन कडक आणि हवा कोरडी. बहुतेक खेड्यांत वीज नव्हती, त्यामुळे फ्रिजचा प्रश्नच नव्हता. तोडलेला पालक दुसऱ्या दिवशी वाया जायचा, वांगी जेमतेम तीन दिवस टिकायची. शेतकऱ्याला मिळेल त्या भावात माल विकावा लागे. रोज भाजी विकत फिरायचं काम घरातल्या मुलींवर येई आणि त्यांची शाळा राहून जाई.

कुंभारांच्या घरात वाढलेले तिथले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी १९९०च्या दशकात यावर उपाय शोधला. मोठ्या माठात लहान माठ ठेवायचा, मधल्या फटीत ओली वाळू भरायची आणि तोंडावर ओलं कापड घालायचं. वाळू वाळू नये म्हणून दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचं. बस्स!

यामागचं विज्ञान आपल्या माठाचंच. पाणी बाहेरच्या माठाच्या छिद्रांतून झिरपतं आणि त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ती माठातून ओढली जाते आणि आतली भाजी गार राहते. गारव्यात भाजीचं श्वसन मंदावतं, ओलाव्यामुळे ती सुकत नाही. अब्बा यांच्या चाचण्यांत वांगी २७ दिवस, पालक १२ दिवस, तर टोमॅटो आणि मिरच्या तीन आठवडे टिकल्या. माठ घडवण्यासाठी त्यांनी गावातल्या बेकार कुंभारांना काम दिलं. २००० साली त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला.

माल टिकला की शेतकरी भावासाठी दोन दिवस थांबू शकतो. रोजची फेरी टळली की मुलगी शाळेत जाऊ शकते. स्वस्त तंत्रज्ञानाची खरी कमाई ही!

मात्र हवा दमट असेल तर बाष्पीभवन मंदावतं. म्हणून कोकणातल्या पावसाळ्यात हा माठ फारसा उपयोगी नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत तो चांगला चालेल. करून पाहायचा असेल तर झिलई नसलेले माठ घ्या आणि सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवा. दूध, मांस आणि लसी मात्र त्यात ठेवू नका. त्यांना लागणारी थंडी माठ देऊ शकत नाही.