दोघींना एकेक!

भिलाईच्या मे महिन्यात रात्री दुधाला विरजण लावलं, की सकाळी उठेपर्यंत दही तयार! जरा उशीर झाला तर आंबटसुद्धा. चमचाभर विरजणातले जीवाणू रात्रभर एकच उद्योग करत असतात. खायचं, वाढायचं आणि मधोमध तुटून एकाचे दोन व्हायचं.

तुटणं त्यातल्या त्यात सोपं. अवघड आहे ती वाटणी. जीवाणूच्या पोटात डीएनएचा लांबच लांब धागा असतो, तेच त्याचं गुणसूत्र. काय खायचं, काय बनवायचं, सगळं त्यात लिहिलेलं. तुटण्याआधी त्याची दुसरी प्रत तयार होते. मग एक प्रत या पेशीला, एक त्या पेशीला मिळायलाच हवी. दोन्ही एकीकडेच गेल्या, तर रिकाम्या पेशीचं काही खरं नाही.

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय घ्या. तो असतो जेमतेम दोन मायक्रोमीटर लांब, म्हणजे असे ५०० एकापुढे एक ठेवले तर एक मिलिमीटर होईल. आणि त्याचा डीएनए उलगडला तर? सुमारे १.६ मिलिमीटर! स्वतःच्या अंगाच्या ८०० पट. आपल्या भिलाईच्या पोलाद कारखान्यातून रेल्वेसाठी २६० मीटर लांबीचे जोडरूळ जातात ना? तसला एक रूळ तुमच्या दप्तरात कोंबायचा, तिथेच त्याचा जुळा भाऊ तयार करायचा आणि गुंता न होऊ देता दोघांना दोन कप्प्यांत सरकवायचं. जमेल?

जीवाणूला डोळे नाहीत, मेंदू नाही. त्याच्याकडे आहेत ती प्रथिनं. अनेक जीवाणूंत पार-बी नावाचं प्रथिन डीएनएवरची ठरावीक जागा पकडून बसतं. पार-ए नावाचं दुसरं प्रथिन डीएनएच्या गोळ्यावर सगळीकडे पसरलेलं असतं. पार-बी ज्याला चिकटतं ते पार-ए तिथून निसटतं, म्हणून पार-बी पुढच्या पार-एकडे ओढलं जातं, मग त्याच्या पुढच्याकडे. त्याच्यासोबत डीएनएही सरकत जातो. मध्यभागी एफटीएस-झेड या प्रथिनाचं कडं बसतं आणि पेशी तिथेच आवळली जाते. आवळताना डीएनएचं शेपूट मधे अडकलंच, तर एफटीएस-के नावाचं प्रथिन ते सेकंदाला हजारो अक्षरांच्या वेगाने खेचून घेतं. अक्षरं म्हणजे डीएनएची, बरं का!

मला मात्र सगळ्यात आवडतो तो प्लाझ्मिडचा किस्सा. गुणसूत्राशिवाय काही जीवाणूंकडे डीएनएची छोटी जास्तीची कडीही असते, तिला प्लाझ्मिड म्हणतात. ई. कोलायमध्ये सापडणाऱ्या आर-१ नावाच्या प्लाझ्मिडच्या मोजक्याच प्रती एका पेशीत असतात. समजा दोनच आहेत आणि वाटणी नशिबावर सोडली. दोन नाणी घ्या. छापा म्हणजे डावी पेशी, काटा म्हणजे उजवी. उडवत राहा आणि लिहून ठेवा. निम्म्या वेळा दोन्ही नाणी सारखीच पडतील, म्हणजे एक पेशी रिकामी! असं चाललं असतं तर आर-१ केव्हाच नाहीसं झालं असतं.

तसं होत नाही, कारण पार-एम. या प्रथिनाचे कण एकावर एक रचत जातात आणि त्यांचा धागा होतो. पण एकटा धागा टिकत नाही, वाढतो आणि धडाधड ढासळतो. पुन्हा वाढतो, पुन्हा ढासळतो. टोकाला प्लाझ्मिड लागलं तरच त्या टोकाला आधार मिळतो. असे दोन धागे, टोकांना एकेक प्लाझ्मिड घेऊन, उलट्या तोंडांनी शेजारी आले, की एकमेकांना बिलगतात. मग वाढतच जातात आणि एका प्लाझ्मिडला या टोकाला, दुसऱ्याला त्या टोकाला ढकलून देतात. जोडीदार मिळाला तर टिकायचं, नाहीतर मोडायचं, एवढ्याच नियमावर सगळं चालतं!

हे उलट्या तोंडांचे धागे २०१२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जगासमोर आले. त्या शोधनिबंधात पहिलं नाव होतं डॉ. पी. गायत्री यांचं. काम इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या प्रयोगशाळेतलं. पुढे त्या पुण्याच्या आयसर संस्थेत आल्या आणि तिथेही जीवाणूंच्या पोटातल्या अशाच धाग्यांचा अभ्यास करू लागल्या. डॉक्टरांनाही या धाग्यांत रस असणारच, कारण आर-१वर प्रतिजैविकांना दाद न देण्याची जनुकं असतात. पार-एम ती इमानेइतबारे दोन्ही पेशींना पोचवतं.

आता मूठ घट्ट आवळा बघू. तुमच्या स्नायूंत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे कामाला लागले. पार-एम या ॲक्टिनचंच दूरचं भावंड आहे. घडण तशीच, धागाही दुपदरी, फक्त ॲक्टिनचा पीळ उजवा आणि पार-एमचा डावा!